आमरीचं सोनं

माणिकराव वकिलानं अनुसयाबाईचा शेंदऱ्या आंबा पाडला तो ऐन मोहरात.

महाशिवरात्रीला ती औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेली होती. तिसऱ्या दिवशी तिची गाडी पुसेगावच्या शिवारात शिरली, तेव्हा बैल हाकणारा तिचा सालगडी संतराम एकाएकी उभा राहिला आणि कपाळावर हात धरून बघू लागला.

"काकू, आपल्या वावराकडं आभाळ लई मोठं दिसून राहिलं."

अनुसयाबाई गाडीतून उतरली ती पळतच सुटली. आंबा बांधावर आडवा पडला होता, फांद्या दोन्हीकडच्या वावरात पसरलेल्या. मोहर अजून ताजा होता. मधमाश्या त्याच्यावर तशाच घोंघावत होत्या, झाड पडलंय हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं जणू. आणि वरच्या उंच फांदीवर, जिथं पांढऱ्या फुलांचा बांदा होता, तेवढी हातभर जागा कुणीतरी जपून, साल न दुखवता, करवतीनं कापून नेली होती.

तेवढ्यावरून ती समजली.

बांदा म्हणजे झाडावर वाढणारी आमरी, साहेबांच्या भाषेत ऑर्किड. आपली मुळं हवेत सोडते, झाडाचं काही खात नाही, फक्त त्याच्या अंगावर राहते. आपल्या भागातल्या आमरीची फुलं पिवळी-तपकिरी असतात. शेंदऱ्यावरच्या आमरीची मात्र पांढरी होती, जीभ तेवढी जांभळी. फुलं आली की सकाळच्या पारी विहिरीपर्यंत वास यायचा. जंगलातनं असली झाडं आणून विकणारा तांड्यावरचा थावरा एकदा तिथून गेला, त्यानं ती पाहिली आणि हिंगोलीत जाऊन माणिकराव वकिलाला सांगितलं. वकील हिंगोलीच्या आमरी मंडळाचा अध्यक्ष. छावणीत गोरे साहेब राहायचे तेव्हाचं एक काचेचं घर तिथं उरलं होतं. साहेब गेले, पण आमऱ्या वाढवायचा नाद गावातल्या आठ-नऊ शिकल्या माणसांना देऊन गेले. त्यांचं हे मंडळ.

वकील बैलांच्या दमणीतून आला होता, गोड बोलला होता. अनुसयाबाई म्हणाली होती, "झाडावरचं झाडावरच ऱ्हाऊ द्या. फुलं आली की बघायला येत जा. चहा करीन." वकिलानं थावराला वर चढायला सांगून पाहिलं, तर थावरानंच नकार दिला. "फांदी किडकी हाय मालक. मी चढणार न्हाई, अन् बाईच्या मनात नसताना तर मुळीच न्हाई." वकील हसला आणि निघून गेला.

आणि आता हे.

अनुसयाबाईला मूलबाळ नव्हतं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. तो गेल्यावर वाटणी झाली तेव्हा दिरानं विहीर मागितली आणि हिनं बांधावरचा आंबा मागितला. पंच हसले होते. पण वाटणी तोंडी झाली होती, कागद कुणी केला नव्हता. तोच धागा वकिलानं धरला. बांध सामाईक, म्हणून झाडही सामाईक, असं दिराला पटवलं, आणि लाकडाच्या नावाखाली झाड लिहून घेतलं.

दिराशी ती त्या दिवसापासून बोलली नाही. पण दीर तिच्या लेखी नुसता आंधळा बैल होता. कासरा कुणाच्या हातात होता हे तिला ठाऊक होतं. चौथ्या दिवशी ती हिंगोलीला वकिलाच्या बंगल्यावर गेली.

वकील व्हरांड्यात बसला होता. त्यानं तिला बसायलाही सांगितलं, पाणीही दिलं, आणि मग कागद दाखवला.

"वाचता येतं का?"

"श्रावणात पोथी वाचते," अनुसयाबाई म्हणाली. तिनं कागद वाचला. खाली दिराचा अंगठा होता.

"बघा बाई, मी वकील माणूस. कागदाबाहेर पाऊल टाकत नाही. कागद बराबर आहे. तुम्हाला वाईट वाटतंय ते समजतं मला. पण झाडं काय, पुन्हा येतात." मग त्यानं तिला मागच्या काचेच्या घरात नेलं. तिथं तिची आमरी तारेला टांगली होती, खाली शेंदऱ्याचाच तुकडा. "उन्हातान्हात होती, इथं कशी राणीसारखी आहे. तुम्हाला एवढीच आवड असेल तर आमच्या मंडळात या की. बाईमाणसाला मनाई कुठं आहे?" आणि स्वतःच्याच विनोदावर हसत त्यानं मंडळाच्या नियमांचं चोपडं तिच्या हातात दिलं.

ती उठली. तिला तिथं रडायचं नव्हतं, आणि ती रडलीही नाही. गाडीत बसल्यावर तिनं चोपडं उघडलं. पहिल्यांदा वाचलं ते रागानं. दुसऱ्यांदा वाचताना सातव्या नियमापाशी तिचं बोट थांबलं. संतरामनं मागं वळून पाहिलं तर काकूचं तोंड असं झालेलं, की त्यानं मुकाट बैल हाकले.

पुढच्याच बैठकीला ती सभासद झाली.

मंडळातल्या लोकांना आधी गंमत वाटली. डोक्यावरून पदर घेतलेली, हाताला घट्टे पडलेली ही बाई कोपऱ्यात बसायची आणि एकेक गोष्ट विचारून घ्यायची. कोळसा केवढा असावा, विटेचा तुकडा भिजवून का घालायचा, मुळं पांढरी पडली की पाणी द्यायचं की हिरवी असताना. छावणीच्या दवाखान्यातले म्हातारे डॉक्टर तिला मनापासून शिकवत. चित्रकलेचे सोनाजी मास्तर तिला पानांची चित्रं काढून देत. आणि गंमत वाटता वाटता लोकांच्या लक्षात आलं, की तिच्या हाताला गुण आहे. दुसऱ्या वर्षी तिच्या छपराखाली अकरा आमऱ्या लटकत होत्या आणि एकही मेली नव्हती.

वकिलाशी ती कधी वाकडं बोलली नाही. "कसं चाललंय अनुसयाबाई?" त्यानं विचारलं की "तुमच्या कृपेनं बरं हाय" म्हणायची. वकिलाला वाटलं, बाई विसरली. बायका विसरतात.

दुसरं एक काम ती करत होती, ते कुणाच्या नजरेत आलं नाही. ती सभासद वाढवत होती. स्टेशन मास्तरला तिनं आणलं. जिनिंगच्या हिशेबनिसाला आणलं, शाळेचे दोन मास्तर, जवळा बाजारचा एक कापडवाला. वर्गणी भरून संतरामलाही सभासद केलं, आणि थावराला तर हट्टानं. थावरा म्हणाला, "मला काहून? मी तर झाडं आणून देणारा." ती म्हणाली, "म्हणून तर. समद्यांत जास्त तुलाच कळतं." नऊ सभासदांचे तीन वर्षांत एकवीस झाले. अध्यक्ष म्हणून वकिलाची छाती फुगली. "मंडळ वाढतंय," तो म्हणायचा.

सातवा नियम त्यानंच लिहिला होता. मंडळ नवं होतं तेव्हा डॉक्टरांची झुपक्यानं वाढणारी एक आमरी दसऱ्याच्या मेळाव्यातल्या स्पर्धेत दरवर्षी पहिली यायची, आणि वकिलाला तिचा कोंब हवा होता. डॉक्टर मागून देणाऱ्यातले नव्हते. म्हणून यानं नियम घातला, दसऱ्याच्या सोन्याचं नाव देऊन; कोंब मिळाला आणि मग त्या नियमाची आठवण कुणी काढली नाही. पुढं स्वतःकडं पांढरी आमरी आल्यावर त्यानं ती स्पर्धेत कधीच ठेवली नाही. मेळाव्यात आणायचा, उंचावर टांगायचा आणि म्हणायचा, "ही फक्त दर्शनासाठी."

अनुसयाबाई वाट बघत राहिली. वाट बघणं तिला येत होतं. पेरलेलं उगवायला जेवढे दिवस लागतात तेवढे लागतातच.

अडतीस सालच्या भादव्यात हैदराबादहून पत्र आलं. चैत्रात तिथं फुलांचं मोठं प्रदर्शन भरणार होतं आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून आमऱ्या मागवल्या होत्या. अट एकच होती, की आपल्या गावच्या मंडळात पहिलं आलेलंच झाड पाठवावं. वकिलानं ते पत्र बैठकीत दोनदा वाचून दाखवलं. आमरीला त्या वर्षी दुसरा बहार लागला होता, पाच दांडे वर येत होते. दसऱ्याच्या मेळाव्याला खुद्द जिल्ह्याचे तालुकदारसाहेब येणार होते.

"यंदा मीही झाड स्पर्धेत ठेवतो," तो म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अनुसयाबाईनंही वाजवल्या.

आता एकच अडचण होती. तिच्या स्वतःच्या छपराखाली थावरानं आणलेली एक आमरी अशी फुलली होती, की ती नेली असती तर कदाचित तीच पहिली आली असती. अष्टमीला सकाळी अनुसयाबाईनं विळी घेतली, तिचे सगळे दांडे कापले, आणि ओंजळभर फुलं गावच्या देवीच्या पायावर नेऊन वाहिली. संतराम हळहळला. "काकू, एवढी फुलं!"

"देवीची व्हती, देवीला दिली," ती म्हणाली.

दसऱ्याला दुपारपासून काचेच्या घरापुढं मांडव भरला. झेंडूची तोरणं होती, जाजमं होती, मधोमध टेबलावर आपट्याच्या पानांचा ढीग. चौदा आमऱ्या ओळीनं टांगल्या होत्या. पण माणूस मांडवात पाऊल टाकायचा आणि थेट पांढऱ्या आमरीपाशी जायचा. दोन हात लांबीचं एकच खोड, दोन्ही बाजूंनी पानांची वेणी घातल्यासारखी, आणि फुलांच्या पाच दांड्यांवर मिळून चाळीसेक फुलं. अनुसयाबाईही जवळ गेली. वास तोच होता. मग तिनं खाली बघितलं. फुलांच्या खाली शेंदऱ्याचा तो तुकडा होता, करवतीची कड अजून सरळच्या सरळ.

तालुकदारसाहेब आले, फिरले, डॉक्टरांशी बोलले, आणि निकाल लागला. लागायचा तोच लागला. वकिलाच्या गळ्यात हार पडला. मग त्यानं येत्या वर्षाचे कार्यक्रम वाचून दाखवले. कार्तिकात कुंड्या बदलायचा वर्ग होता. पुसात अनुसयाबाईंच्या शेतात हुरडा, माघात औंढ्याच्या रानात सहल. "आणि चैत्रात," तो थांबला, "आपली हिंगोलीची आमरी हैदराबादला!"

टाळ्या ओसरल्या तशी अनुसयाबाई उठली.

"अध्यक्षसाहेब, एक ऱ्हायलं. सोनं लुटायचं ऱ्हायलं."

"हो, हो. आपट्याची पानं घ्या सगळ्यांनी."

"आपट्याचं न्हाई. सातव्या नियमाचं." आणि तिनं कमरेचं चोपडं काढून स्वच्छ आवाजात, पोथी वाचावी तसं वाचलं. "मेळाव्यात ज्या सभासदाचं झाड पहिलं येईल, त्यानं त्याच दिवशी, स्वहस्ते, हजर असलेल्या प्रत्येक सभासदास त्या झाडाचा एक तुकडा सोनं म्हणून द्यावा."

वकील हसला, पण हसू अर्ध्यावरच राहिलं.

"अहो, तो नियम झुपक्यानं वाढणाऱ्या झाडांसाठी. याला एकच खोड आहे. याचे तुकडे केले तर झाड मरेल."

"तसं लिवलंय का नियमात?"

"लिहिलं नाही, पण अर्थ…"

"मी अडाणी बाई. मला अर्थ कुठून कळणार? मी कागदापुरतं बघते. कागद बराबर हाय."

वकिलाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. ते शब्द कुणाचे होते हे त्याला त्या क्षणी आठवलं. त्यानं तालुकदारसाहेबांकडं पाहिलं. साहेबांना आमरीतलं काही कळत नव्हतं, त्यांना तो सणाचा खेळ वाटला.

"ये कायदा किसने लिखा?" त्यांनी विचारलं.

"वकीलसाहेबांनीच, साहेब," स्टेशन मास्तर म्हणाला.

"तो फिर वकीलसाहब, देर कैसी? कायदा तो कायदा है. दसरे का सोना बाँटिए."

"चैत्रानंतर देतो," वकील म्हणाला. "सगळ्यांना देतो. शब्द देतो."

"त्याच दिवशी," अनुसयाबाईनं चोपड्यावर बोट ठेवलं.

थावराकडं कोयता होता. वकिलानं त्याला खूण केली, तर ती म्हणाली, "स्वहस्ते."

वकिलानं कोयता घेतला. आधी फुलांचे पाचही दांडे त्यानं कापून टेबलावर ठेवले. मग खालून सुरुवात केली. पहिला तुकडा डॉक्टरांचा. डॉक्टरांनी तो तळहातावर घेतला आणि अनुसयाबाईकडं बघितलं. तिनं नजर हलवली नाही. बोटभर, बोटभर असे तुकडे पडत गेले. खोड जून होतं, कोयता अडायचा, प्रत्येक घावाला आवाज व्हायचा. सहाव्या तुकड्याला वकिलानं हात धोतराला पुसला. अनुसयाबाईला प्रत्येक घाव ऐकू येत होता, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा तिला छातीभर श्वास घेता येत होता.

आठवा नंबर सोनाजी मास्तरांचा. ते पुढं आले आणि हात मागं घेऊन म्हणाले, "मला नको माझा तुकडा. राहू द्या. झाड जगू द्या."

"मलाही नको," मागून हिशेबनीस म्हणाला. आणखी दोघा-तिघांनी माना हलवल्या. वकिलानं वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, खरंखुरं पाणी. वरचं अर्धं खोड मुळांसकट अजून शाबूत होतं. अजूनही जगलं असतं.

सगळे अनुसयाबाईकडं बघत होते. तिच्या एका शब्दाचं काम होतं. तिच्याच झाडावरची ती शेवटची जिवंत गोष्ट होती, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मग तिच्या डोळ्यांपुढं ते आडवं झाड आलं, आणि मोहरावर घोंघावणाऱ्या माश्या.

"मास्तर," ती म्हणाली, "दसऱ्याचं सोनं न्हाई म्हणू न्हाई."

मास्तरांनी मान खाली घालून तुकडा घेतला. मग बाकीच्यांनीही घेतले. संतरामनं घेतला. थावरानं घेतला, आणि घेताना तो पुटपुटला, "बाई, पुरे झालं की." ती ऐकलं न ऐकल्यासारखी उभी राहिली. मुद्दामच ती रांगेत शेवटी होती.

शेवटी शेंडा राहिला, चार पानांचा. त्याला मुळाचं एकही बोट नव्हतं. वकिलानं तो दोन्ही हातांत धरून तिच्यापुढं केला आणि फक्त तिलाच ऐकू जाईल असं म्हणाला, "तुमच्या हाताला गुण आहे. हा तरी जगवा."

तिनं तो पदरात घेतला. जिंकणाऱ्यानं स्वतःसाठी काय ठेवावं, हे नियमात लिहायचंच राहून गेलं होतं. वकिलाच्या हातात नुसता कोयता उरला.

त्या रात्री ती पोटभर जेवली. गाढ झोपली. दुसऱ्या दिवशी उठून तिनं तो शेंडा कोळशात बसवला, ओल्या फडक्याची सावली केली. दिवसातून तीनदा हात भिजवून पानांवर शिंपडायची. आपण हे काहून करून राहिलो, असं तिनं स्वतःला विचारलं नाही. दिवाळीपर्यंत पानं तग धरून होती. मग खालचं पिवळं पडलं, मग त्याच्या वरचं. मार्गशीर्षात एका सकाळी शेंडा बोट लावताच लवून पडला. तिच्या हातून मेलेली ती पहिलीच आमरी. ती बराच वेळ छपराखाली बसून राहिली. संतरामनं दोनदा भाकरीची आठवण करून दिली.

वीस तुकड्यांतले दोन तेवढे जगले, असं पुढं कळलं. एक डॉक्टरांकडं आणि एक तांड्यावर, थावराच्या झोपडीमागच्या मोहाला बांधलेला.

पुसात हुरड्याचा दिवस आला. वकिलानं अध्यक्षपद सोडलं होतं. बैठकांना तो येत नव्हता. हैदराबादला त्या वर्षी हिंगोलीहून काही गेलं नाही. मंडळातले लोक अनुसयाबाईशी बोलत, पण पूर्वीसारखं कुणी चित्रं काढून देत नव्हतं. तरी शब्द दिलेला, म्हणून तिनं सगळी तयारी केली. संतरामनं आगटी पेटवली, ज्वारीची कोवळी कणसं भाजली, बायकांनी ती हातावर चोळली. कारळाची चटणी, भाजलेली वांगी, गूळ, ताक. लोक जाजमावर बसले आणि खाता खाता हळूहळू बोलू लागले.

तेवढ्यात वाटेवर एक दमणी थांबली.

माणिकराव वकील उतरला. अंगानं खंगला होता. कुणी उठलं नाही, कुणी या म्हणालं नाही. तो वावराच्या धुऱ्यावरून चालत आला आणि जाजमाच्या कडेला, मोकळ्या जागी बसला.

अनुसयाबाईनं सुपातली एक पत्रावळ उचलली, त्याच्यापुढं मांडली, आणि हुरडा वाढला. चटणी वाढली. त्यानं दोन घास खाल्ले. मग मान वर न करता विचारलं, "अनुसयाबाई, फिटलं का आता?"

तिनं सगळा विचार करून उत्तर दिलं.

"न्हाई," ती म्हणाली, आणि त्याच्या पत्रावळीवर आणखी एक मूठ गरम हुरडा टाकून पुढच्या पानाकडं वळली.